बाबांच्या व्हेपची आंघोळ

रविवार, ४ मे

आधी कालची चूक दुरुस्त करते. काल मी इथे लिहिलं की माझ्या हातून बाबांचं व्हेप, म्हणजे सिगरेटऐवजी वाफ ओढायचं विजेचं यंत्र, बिघडलं. ते खरं नाही. व्हेप बिघडलेलं नाही, ओलं आहे. घाबरले की माझं लिहिणं ढिलं पडतं. आई असती तर तिने ते वाक्य खोडून पुन्हा लिहायला लावलं असतं. म्हणून पुन्हा लिहिते.

झालं ते असं. व्हेपचं तोंड चिकट झालं होतं. टाकीच्या काठाला तपकिरी थर होता. बटणाच्या फटीत कोटाच्या खिशातले लोकरीचे तंतू बसले होते. ज्या वस्तूवर एका माणसाची फुप्फुसं अवलंबून आहेत ती अशी ठेवतात? मी ते बँडमधलं पितळी कॉर्नेट धुतात तसं धुतलं. आमच्या घरात दुसरी पद्धत कधी नव्हतीच. टबात टॉवेल अंथरायचा, कोमट पाणी सोडायचं, भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब, मग वाद्य अलगद आत निजवायचं आणि नळीतून ब्रश फिरवायचा. व्हेपलाही माउथपीस आहे, नळी आहे, दाबायला बटण आहे. फरक असेल तर आकाराचा.

आत ठेवल्यावर बुडबुडे आले. मी समजले, घाण निघते आहे. बाबा न्हाणीघराच्या दारात उभे होते. मग म्हणाले, हेस्टर, त्यात बॅटरी आहे गं. मी म्हटलं, ठाऊक आहे, म्हणूनच कोमट पाणी घेतलं.

सध्या ते बाबांच्या लोकरी मोज्यात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात आहे, टॉवेलांच्या वर. आत्मविश्वास आहे.

सोमवार, ५ मे. सुट्टी.

वाळलं! बटण दाबल्यावर दिवा लागला आणि तीनदा लुकलुकला. झोपेतून उठताना माणूसही लुकलुकतोच.

बाबांनी माझ्यासमोर एक झुरका घेतला. चव विचारली तर म्हणाले, स्वच्छ. मग खोकले. मग आणखी खोकले. म्युरिएल आत्या चहाला आली होती. ती बाबांची धाकटी बहीण, बँडमध्ये मोठा ढोल वाजवते आणि बोलतेही तशीच. ती म्हणाली, ट्रेवर, यंदा कॉर्नेट राहू दे, तू नुसते साबणाचे फुगे सोड, पोरं खूश होतील.

आत्याला जबाबदारी कळत नाही. मला कळते. बाबांनी चव्वेचाळीस वर्षं सिगरेट ओढली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांनी बँडच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं की आजपासून सिगरेट बंद, फक्त व्हेप. व्हिट शुक्रवारपर्यंत, म्हणजे गावोगावी बँडच्या स्पर्धा होतात त्या दिवसापर्यंत, एक जरी ओढली, तर त्या दिवशी सोलो वाजवणार नाही, निशाण धरून बँडच्या पुढे चालेन. निशाण आमच्याकडे त्याच्या हातात देतात ज्याला काहीच वाजवता येत नाही. आमचे बँडमास्तर मिस्टर डकवर्थ म्हणाले, ठीक, पण साक्षीदार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, हेस्टरला विचारा, ती खोटं बोलायचा नुसता विचार करते आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठतात.

तेव्हा शुक्रवार, १३ जूनला बसमध्ये मला विचारणार: ओढली का? आणि मी सांगणार. म्हणजे व्हेप नीट चाललं पाहिजे. ते बंद पडलं तर बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात जातील, आणि तिथे सिगरेट मिळते.

ठराव: बाबांच्या व्हेपची निगा आजपासून पूर्णपणे माझी.

गुरुवार, ८ मे

दोन दिवस व्हेपमधून गुळगुळ असा आवाज येतो आहे. कॉर्नेटमध्ये असा आवाज आला तर पाण्याची कळ दाबून थुंकी बाहेर काढतात. व्हेपला पाण्याची कळच नाही. घडवणाऱ्याने विचार केलेला नाही.

लायब्ररीतलं काम संपल्यावर तौकीरच्या दुकानात गेले. बाबा व्हेप त्याच्याकडूनच घेतात. मी आत शिरताच तो म्हणाला, अजून एक? परवाच तर... आणि मध्येच थांबून काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छ होतं. त्याचीही निगा चांगली आहे असं दिसतं.

मी आंघोळीची पद्धत सांगितली. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला. म्हणाला, ताई, सगळंच बुडवलंस? बॅटरीसकट? मग म्हणाला, टाकी सुटी कर, कोमट पाण्याने खळबळून घे, पूर्ण वाळव. बॅटरीला पाणी दाखवूसुद्धा नको, तिची टोकं कोरड्या काडीने पूस. आणि कॉइल, ती आतली तापणारी तार, धुवायची नसते, खराब झाली की बदलायची. हे म्हणताना त्याने कॉइलचं पाकीट पुढे सरकवलं.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पाकीट विकायचं आहे त्याला. आमच्या घरातलं कॉर्नेट बाबांच्या आजोबांचं आहे. ते बदला असं कोणी म्हणालं नाही. आई म्हणायची, बदलणं म्हणजे पुसायचा कंटाळा.

कॉइल घेतली नाही. आभार मात्र मानले.

शनिवार, १० मे

आमच्या डोंगरातलं पाणी मऊ. किटलीला कधी क्षार धरत नाहीत. तरी आई दर महिन्याला किटलीत व्हिनेगर उकळायची, संशयाला जागा नको म्हणून. मी आज कॉइल व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवण्याऐवजी फक्त दुपारभर भिजवली. हात राखून केलं.

निकाल: घाण निघाली. व्हिनेगर निघालं नाही.

बाबांचं लिक्विड रुबार्ब-कस्टर्डच्या, म्हणजे आंबटगोड मिठाईच्या, चवीचं आहे. आज त्यांनी झुरका घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, तळलेल्या माशावरचं व्हिनेगर तर आलं, मासा कुठे आहे? आत्या म्हणाली, मला मीठ जास्त घाला हो, आणि कागदात गुंडाळून द्या. दोघं हसत सुटली. नंतर बाबा बागेत गेले ते अर्धा तास आले नाहीत. परत आले तेव्हा चेहरा शांत होता. शुद्ध हवेचा परिणाम.

सोमवार, १२ मे

रिहर्सल. मिस्टर डकवर्थनी पुन्हा विचारलं, हेस्टर, तिसरं कॉर्नेट कधी परत येणार? खुर्ची रिकामी आहे, त्यावर लोक आता कोट ठेवतात.

आई गेल्यापासून मी वाजवलेलं नाही. तीन वर्षं होतील. मी फक्त स्टँड लावते आणि चहा करते. त्यांना सांगितलं की सध्या अजिबात वेळ नाही, बाबांच्या व्हेपचं बघावं लागतं. ते म्हणाले, त्याला किती वेळ लागतो? ज्यांनी कधी निगा राखली नाही तेच असं विचारतात.

वाजवायचा प्रश्न व्हिट शुक्रवारनंतर बघू. माझं कॉर्नेट पलंगाखाली आहे, पेटी बंद आहे, म्हणजे धूळ जाण्याचा प्रश्न नाही.

बुधवार, १४ मे

मोठी सुधारणा. टाकीचा आटा घट्ट बसत होता, फिरवताना करकरत होता. त्याच्या रबरी कडीला कॉर्नेटच्या व्हॉल्व्हच्या तेलाचा एक थेंब दिला. अगदी चांगल्या प्रतीचं तेल, बाबांच्याच पेटीतलं. आता टाकी लोण्यासारखी फिरते.

बाबांनी झुरका तोंडात घेतला आणि तसाच सिंकमध्ये सोडून दिला. तोंड धुतलं. म्हणाले, पोरी, मला आत्ता असं वाटलं की मी दुसरा व्हॉल्व्ह चाटला. मी विचारलं, पण टाकी सहज फिरते ना? त्यांनी कबूल केलं की टाकी सहज फिरते.

तेल काढून टाकलं. रुबार्बवर तेल चालत नाही एवढं सिद्ध झालं. वाद्यावर चालतं. शास्त्र असंच पुढे जातं.

शनिवार, १७ मे

हरले असं नाही, पण आज तौकीरकडून नवी कॉइल आणली. बसवण्याआधी भिंगातून पाहिली, आणि बरं झालं पाहिली. आत कापूस राहून गेला होता! कारखान्यात बांधताना कोणाच्या तरी हातून राहिला असणार. बाबांच्या छातीत गेला असता. चिमट्याने हळूहळू सगळा काढला. जराही राहू दिला नाही. मग लिक्विड भरलं.

बाबांनी बटण दाबलं.

जे झालं त्याचं वर्णन मी जपून करते. जळकट वास आला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी व्हेप टेबलावर ठेवलं, हाताने दूर सरकवलं, आणि आवाज परत आल्यावर विचारलं, यातला कापूस कुठे गेला? मी अभिमानाने दाखवला. बशीत ठेवला होता.

बाबांनी त्या बशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, तू हे सगळं चिमट्याने काढलंस? मी म्हटलं, हो, अख्खी दुपार लागली. ते म्हणाले, फार व्यवस्थित काढलंस. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून बागेत गेले.

या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा कौतुक केलं.

सोमवार, १९ मे

कापसाची तक्रार घेऊन तौकीरकडे गेले. त्याने ऐकून घेतलं. मग मागच्या खोलीत गेला. आतून आवाज आला, नुसता श्वासाचा, जसा माणूस तोंडावर हात ठेवून हसतो तसा. परत आला तेव्हा चेहरा गंभीर होता. म्हणाला, ताई, कापूसच तर लिक्विड पितो, तो काढला की तार एकटीच जळते. तू म्हणजे मेणबत्तीची वात काढून ठेवलीस, आग लागू नये म्हणून.

त्याने दुसरी कॉइल फुकट दिली. वर सांगितलं की बसवण्याआधी कापसावर लिक्विडचे थेंब टाक, मग टाकी भरून थोडी वाट बघ, घाई करू नको. आणि बाई, यापुढे आत काही सापडलं तर ते तिथेच राहू दे.

फुकट दिली याचा अर्थ मनात अपराधी वाटलं असणार.

बुधवार, २१ मे

यश.

नवी कॉइल बसवली. थेंब टाकले, वाट पाहिली. नंतर आटा जरा पुसून घेतला आणि एकदा कोमट पाण्यातून काढलं, फक्त सवय म्हणून. बाबांना दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, ओठांजवळ नेलं, आणि म्हणाले, झकास. इतकं छान कधी नव्हतं. लगेच खिशात ठेवलं.

विचारलं, गुळगुळ? म्हणाले, नावालाही नाही. विचारलं, चव? म्हणाले, रुबार्ब रुबार्बसारखा, कस्टर्ड कस्टर्डसारखं.

आणि मग त्यांनी आपण होऊन विचारलं, रविवारी पुन्हा साफ करशील ना? म्हणाले, दर रविवारी देत जाईन तुला.

मला काही सिद्ध करायचं नव्हतं. पण नोंद असावी.

सोमवार, २६ मे. सुट्टी.

काल रविवारी पुन्हा निगा झाली. पद्धत आता बसली आहे. खिडकीजवळचं टेबल, पांढरा टॉवेल, डाव्या हाताला टाकी, मधे माउथपीस, उजवीकडे बॅटरी. बाबा शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. दार उघडं ठेवतात. टीव्ही लावू का म्हटलं तर नको म्हणतात.

एक बारीक गोष्ट. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही. चार्जिंगला लावलं तरी लागत नाही. बाबांना काळजीने सांगितलं. ते म्हणाले, असू दे, उत्तम चाललंय, मला तर असंच आवडतं. विचार केला आणि पटलं. दिवा केवळ शोभेचा असणार. धूर यायला दिव्याची काय गरज? बॅटरी वाचत असेल.

आत्या हे ऐकून म्हणाली, हेस्टर, तुझा बाप आता हवेवर जगतो, संतच झालाय मेला. बाबांनी टेबलाखालून तिला लाथ मारली. माझ्या पायाला लागली. मी पाय आत घेतला.

रविवार, १ जून

शांतपणे लिहिते.

रविवारची निगा चालू होती. व्हेप माझ्यासमोर टॉवेलवर तीन तुकड्यांत पडलं होतं. टाकी डावीकडे, माउथपीस मधे, बॅटरी उजवीकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं. बागेतल्या शेडच्या मागून धूर वर चढत होता.

पेपर खोलीतल्या खुर्चीवर होता. बाबा खुर्चीत नव्हते.

व्हेप इथे आणि धूर तिथे. दुसरा अर्थ शोधला. प्रामाणिकपणे शोधला. सापडला नाही. धूर पांढरा आणि भला मोठा होता, शेडच्या छपरापेक्षा मोठा. म्हणजे बाबा एका वेळी दोन ओढत असावेत.

ते आत आले तेव्हा मिंटची गोळी चघळत होते. म्हणाले, झालं का गं साफ? आवाजात काही लाज नाही. मी तुकडे जोडून दिले. त्यांनी ओठांजवळ नेलं आणि म्हणाले, झकास.

मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. मानेला स्कार्फ बांधला.

मंगळवार, ३ जून

दुसऱ्याचे खिसे तपासणं आईच्या शिकवणीत बसत नाही. मी तपासले नाहीत. मी बाबांचा कोट झटकला. कोट झटकावाच लागतो, कसर लागते. झटकताना उलटा धरला तर त्याला इलाज नाही.

खाली पडलं ते: मिंटच्या गोळ्या, व्हॉल्व्हचं तेल, बसचं जुनं तिकीट, टॉफीचा कागद. सिगरेट नाही. लायटर नाही. मन थोडं हलकं झालं, आणि मग आणखी जड झालं. चव्वेचाळीस वर्षांचा सराव असलेला माणूस पुरावा कोटात ठेवील?

त्यांच्याशी सरळ बोलायचं. ठरवलं. जेवणाच्या वेळी.

जेवणाच्या वेळी बटाटे जरा कच्चे होते, त्यावर बोलणं झालं.

सोमवार, ९ जून

शेवटची मोठी रिहर्सल. बाबांनी सोलो वाजवला. तो मधला लांब सूर, जो मार्च महिन्यात अर्ध्यावर तुटायचा, आज त्यांनी धरला आणि धरून ठेवला. मिस्टर डकवर्थनी छडी खाली केली आणि नुसतं ऐकत राहिले. म्युरिएल आत्याने नाक पुसलं आणि म्हणाली, ढोलाची धूळ गेली नाकात.

मी चहाचे कप मांडत होते. मला एवढंच दिसत होतं की शुक्रवारी हा माणूस निशाण धरून चालणार आहे आणि त्याला निशाण देणारी मी असणार आहे.

खोटं बोलता आलं तर? घरी आरशासमोर प्रयत्न केला. "नाही, ओढली नाही." कानापर्यंत चट्टे. स्कार्फने कान झाकत नाहीत.

तसं पाहिलं तर दोष माझा नाही. व्हेप उत्तम चाललंय, बाबा स्वतः म्हणतात. निगा राखूनही माणूस सिगरेटकडे गेला तर ती त्याची कमजोरी. हे वाक्य तीनदा वाचलं. बरोबर आहे. तरी झोप लागत नाही.

गुरुवार, १२ जून

ठरलं. विचारलं तर खरं सांगायचं. बाबा मला ओळखतात, त्यांना राग येणार नाही. येऊ दे. उद्या घालायला बँडच्या मदतनिसांचा निळा कोट इस्त्री करून ठेवला. बाबांचं कॉर्नेट मी नेहमीप्रमाणे आंघोळ घालून, पुसून, पेटीत ठेवलं. कदाचित उद्या ते पेटीबाहेर येणार नाही. तरी माउथपीसही चमकवलं.

व्हेपही साफ केलं. गुरुवार असूनही.

शनिवार, १४ जून

कालचं सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर दुरुस्ती नको.

बस दुपारी आमच्या हॉलसमोरून निघाली. स्पर्धेच्या पहिल्या गावी, डेल्फला, उतरल्यावर मिस्टर डकवर्थ बसच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, वाजवायला निघण्याआधी जानेवारीतला शब्द पूर्ण करू. ट्रेवर कुठाय? बाबा आधीच उतरून कुठेतरी गेले होते. मास्तर म्हणाले, बरं, साक्षीदार तरी आहे. हेस्टर, तुझ्या बापाने सिगरेट ओढली का?

सगळा बँड माझ्याकडे बघत होता. मी स्कार्फ सोडला. तोंड उघडलं. आणि म्हटलं, एक मिनिट. मग बसला वळसा घालून मागे पळाले. प्रत्यक्ष न पाहता साक्ष देणं बरोबर नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

बसच्या मागे बाबा होते. त्यांच्याभोवती पांढरा ढग. ढगाला रुबार्ब-कस्टर्डचा वास.

त्यांच्या हातात व्हेप होतं. माझं नव्हे. म्हणजे मी साफ करते ते नव्हे. दुसरंच, काळं, जाडजूड. त्याचा दिवा लागला होता.

बाबा म्हणाले, अरे बापरे. मग ते माझ्या हातात दिलं, जणू मी मागितलंच होतं.

ती वस्तू कोणत्या स्थितीत होती ते लिहिणं कर्तव्य आहे. टाकीच्या काठावर तपकिरी थर, नखाने खरवडला तर निघावा असा. माउथपीसला टॉफीचा कागद चिकटलेला. बटणाभोवती लोकर. टाकीतलं लिक्विड चहासारखं. एकदाही पुसलेलं नाही. आणि चालत होतं. उत्तम चालत होतं.

कधीपासून, विचारलं. बाबा बुटाकडे बघत म्हणाले, त्या आंघोळीनंतरच्या मंगळवारपासून. तेवढ्यात आत्या ढोल पोटावर बांधूनच मागे आली आणि म्हणाली, बिचारं ते पहिलं मे महिन्यातच वारलं गं, तू महिनाभर मढ्याला आंघोळ घालत होतीस. बाबा म्हणाले, म्युरिएल, गप्प बस.

मी विचारलं, मग मला दर रविवारी का देत होतात?

पलीकडे दुसरा बँड वाजवत रस्ता उतरत होता, तो बाबांनी जाऊ दिला. मग म्हणाले, साफ करताना तू गुणगुणतेस. तुला कळत नाही, पण गुणगुणतेस. तिसऱ्या कॉर्नेटचाच भाग असतो. तीन वर्षांत घरात ऐकला नव्हता. मला दार उघडं ठेवून बसायला बरं वाटायचं.

आत्याने पुन्हा नाक पुसलं. या वेळी ढोलाला दोष दिला नाही.

परत जाऊन मी मिस्टर डकवर्थना सांगितलं, ओढली नाही, एकही नाही. सगळ्यांनी माझी मान पाहिली. मान स्वच्छ होती. बाबांनी सोलो वाजवला. परीक्षक नेहमीप्रमाणे कॅराव्हान गाडीमध्ये पडदे ओढून बसला होता, त्याला माणसं दिसत नाहीत, फक्त सूर ऐकू येतो. त्या लांब सुरावर रस्त्यावरच्या एका बाईने आपल्या कुत्र्याला गप्प केलं. आम्ही डेल्फला सहावे आलो, डॉबक्रॉसला नववे. बाबा म्हणाले, नववा म्हणजे वाईट नाही, तिथे परीक्षकाचा चहा गार झाला असणार.

परतीच्या बसमध्ये मिस्टर डकवर्थ म्हणाले, हेस्टर, आता ते व्हेपचं काम संपलं म्हणे. आत्याने सांगितलं असणार. मग त्यांनी विचारलं, सोमवारी रिकामी खुर्ची भरायची का? उत्तर द्यायला तोंड उघडलं तर सांगायला कारण उरलं नव्हतं. हो म्हटलं.

आज सकाळी पलंगाखालून कॉर्नेटची पेटी काढली. पेटी बंद असूनही धूळ गेली होती. १२ मेच्या नोंदीत मी उलट लिहिलं आहे. ती चूक इथे दुरुस्त झाली असं समजावं.

बाबांच्या त्या दुसऱ्या व्हेपला मी हात लावणार नाही. तसा शब्द दिला आहे, नाश्त्याच्या वेळी, बाबा आणि आत्यासमोर. ते जसं आहे तसं चालतं आणि बाबा सिगरेटपासून दूर आहेत, एवढंच महत्त्वाचं आहे. मला हे पूर्ण पटलं आहे. हे लिहिताना मानेला जरा खाज येते आहे, पण आज उकडतंय.

मनात फक्त तो टॉफीचा कागद राहिला आहे. नुसता कागद काढणं म्हणजे साफ करणं नव्हे. आणि बॅटरीला पाणी लावायचं नाही, हे मला आता कोणापेक्षाही जास्त माहीत आहे.

रिहर्सल सोमवारी संध्याकाळी आहे. त्या सकाळी बाबा दंतवैद्याकडे जाणार आहेत, आणि तिथे जाताना ते कोट, खिशातल्या व्हेपसकट, घरीच खुंटीला ठेवतात.

तारीख नोंदवून ठेवते: सोमवार, १६ जून.